तोंडाचं ब्रेकडाउन रजिस्टर: निकोटीन गमचे बारा आठवडे

चाकणला एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की रजिस्टरमध्ये पाच रकाने भरायचे: वेळ, बिघाड, कारण, काय केलं, किती वेळ गेला. सिगारेट सोडताना तसंच रजिस्टर तोंडासाठी ठेवलं. सिगारेटऐवजी चघळायचा हाच निकोटीन गम दोन वर्षांपूर्वी मी तिसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकला होता. घसा जळायचा, उचक्या थांबायच्या नाहीत. वर कँटीनमध्ये सांगत सुटलो की गम-बिम सगळं थोतांड आहे. ते ऐकून आमच्या पाळीतल्या दोघांनी प्रयत्नच केला नाही. ही वही त्या दोघांसाठी पण आहे.

शनिवार, ५ जुलै २०२५. तयारी

वय ४७. सिगारेट २४ वर्षं, दिवसाला १४ ते १६. पहिली उठल्यावर दहा मिनिटांत. तिच्याशिवाय पोट साफ होत नाही अशी ठाम समजूत. उजवीकडच्या खालच्या दाढेवर कॅप. पित्त जुनं. बीपी, साखर ठीक. (हृदयाचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टर गाठावा, माझी वही नंतर वाचावी.)

मेडिकलमधून २ मिग्रॅ गमची पाच पाकिटं आणली, पुदिन्याची, दहा गमचं पाकीट १०५ रुपये. ४ मिग्रॅचा मागितला तर चिठ्ठी आणा म्हणाला. पाकिटातला कागद उघडला, अक्षरं मुंगीएवढी, घडी घालून परत ठेवला. या आळसाचे पुढे ६०० रुपये मोजले.

मुलगी बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, हा गम कसा सुचला माहितीये? स्वीडनमध्ये १९६७ साली. पाणबुडीत विडीकाडी ओढता येत नाही, तर तिथली माणसं तंबाखू तोंडात धरायची. ते बघून." आमच्या पेंट शॉपमध्येही काडी पेटवता येत नाही आणि तिथेही लोक तंबाखूच धरतात. फक्त त्यातून कोणाला औषध सुचलं नाही.

रविवार, ६ जुलै. आषाढी एकादशी

आमची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आज पहिली पाळी. मुहूर्त आईने काढलेला: "विठ्ठलाला सोडून दे ती."

बिघाड १: सकाळी ५:४० ला पहिला गम. उपास, पोटात फक्त चहा. च्युइंगम चावतो तसा कचाकचा चावला. दुसऱ्याच मिनिटाला घशात मिरचीचा ठसका बसावा तशी आग. आठव्या मिनिटाला उचकी सुरू, ती २५ मिनिटं. आई देवघरातून विचारते, "कोण आठवण काढतंय रे एवढ्या पहाटे?" टपरीवाला काढत असणार.

दिवसभरात ११ गम. प्रत्येक वेळी उचकी. दुपारी साबुदाण्याच्या खिचडीवर छातीत जळजळ. संध्याकाळी जबडा इतका आंबला की जांभई देताना कानाखाली कळ आली. सिगारेट शून्य. पण तलफ जराही कमी नाही, आणि हेच कोडं पडलं: घसा जाळण्याएवढं निकोटीन पोटात चाललंय, तर डोक्याला का पोचत नाही?

सोमवार, ७ जुलै

तोच बिघाड, कारण शोधलेलं नाही. मशीन हबकल्यावर नुसतं रीसेट बटण दाबत बसणारा ऑपरेटर असतो, तसा मी. दुपारी कंपाउंडबाहेरच्या टपरीवर एक सिगारेट ओढली. महाराष्ट्रात एकेक सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर कोणाला ठाऊक असल्याचं दिसलं नाही. ठाऊक असतं तर मला अख्खी डबी घ्यावी लागली असती. त्या हिशेबाने बंदी मोडल्यामुळे बाकीच्या वाचल्या म्हणायच्या.

मंगळवार, ८ जुलै. कारण सापडलं

सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. पाकीट रोज हातात होतं, नंबर वाचला नव्हता. आज लावला. मराठीत बोलता आलं. माझं रडगाणं ऐकून पलीकडच्या बाईंनी एकच विचारलं: "गम चावता कसा, ते सांगा."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

हा गम चावायचा नसतोच, जवळजवळ. त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. भराभर चावलं की ते एकदम सुटतं, लाळेबरोबर गिळलं जातं. गिळलेलं घशाला आणि अन्ननलिकेला डिवचतं, म्हणून आग आणि उचकी. पोटातून जे पुढे जातं त्यातलं बरंचसं यकृत आधीच फोडून टाकतं, म्हणून तलफ जागच्या जागी. म्हणजे त्रास सगळा मिळतो, काम काही होत नाही. दोन वर्षांपूर्वी "थोतांड" म्हणालो ते हेच.

दुरुस्ती, आज दुपारपासून घड्याळ लावून:

आठ-दहा वेळा सावकाश चावायचं. जिभेला तिखट चुणचुण लागली की थांबायचं. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवायचा, तंबाखूचा बार धरतात तसा. चुणचुण विरायला मला साधारण एक मिनिट लागतं. विरली की पुन्हा थोडं चावायचं. अर्ध्या तासात गम फिका पडतो, मग कागदात गुंडाळून टाकायचा. मधे लाळ सुटते ती होता होईल तेवढी कमी गिळायची.

फरक लगेच. आज नंतरचे सहा गम, उचकी फक्त एकदा. तलफ पहिल्यांदाच "भागली" असं वाटलं. जबडा अजून दुखतो, पण ते कालचं देणं.

गेलेला वेळ: अडीच दिवस आणि दोन वर्षं.

गुरुवार, १० जुलै

आज सुट्टी. सकाळचा गम अजिबात लागला नाही. चुणचुण नाही, तलफ जाईना. पाकीट खराब आहे की काय म्हणून मेडिकलला भांडायला निघालो होतो. मुलीने विचारलं, "गमच्या आधी काय प्यायलात?" कॉफी. आणि काल कंपनीत गम लागला नव्हता तेव्हा? लिंबू सरबत.

तिने सांगितलं ते असं: गममध्ये खायच्या सोड्याच्या जातीचा क्षार घातलेला असतो, तोंडातला आंबटपणा मारायला. तोंड अल्कलीकडे झुकलं तरच निकोटीन गालातून आत शिरतं. कॉफी, लिंबू, कोकम सरबत, कोल्ड्रिंक, ताक, यातलं काही तोंडात असलं की त्या क्षाराची मेहनत पाण्यात. मग माणूस चिडून जोरात चावतो आणि पुन्हा घसा. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. साधं पाणी आधी चालतं.

कंपनीत चहा १०:१० ला येतो. माझी जुनी सिगारेट चहाबरोबरच. म्हणून आता ९:३० ला गम, १० ला टाकून द्यायचा, मग चहा. चहाच्या वेळेला हात मोकळे राहतात आणि काय करावं कळत नाही, तो वेगळा बिघाड. पाना धरून उभा राहतो.

रविवार, १३ जुलै

बिघाड २. कॅप उजवीकडे आहे म्हणून मी आठवडाभर गम फक्त डावीकडे, एकाच खाचेत ठेवत होतो. आज तिथे जीभ लावली तर खरखरीत. बायकोने मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. "अहो, हे पांढरं काय आहे?"

पुढचे दोन तास कसे गेले ते लिहित नाही. ज्या कारखान्यात निम्मे लोक मावा खातात आणि त्यातल्या एकाचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, तिथल्या माणसाला पांढरा डाग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात घालून पाहिली. गेली. तरी झोप नाही.

दंतवैद्य मॅडमची गुरुवारची वेळ घेतली.

मंगळवार, १५ जुलै

बिघाड ३, आणि सगळ्यात मोठी चूक.

तोंड आलं. जिभेच्या कडेला एक, खालच्या ओठाच्या आत दोन. ज्वारीच्या दाण्याएवढे, मधे पिवळट, कडेला लाल. डब्यात भाकरी आणि खर्डा होता. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. खर्डा हेल्परला दिला, भाकरी पाण्यात कुस्करून खाल्ली. पुदिन्याचा गम जिभेला लागला की वीज चमकते.

मी काय ठरवलं? गममुळे तोंड आलं, गम बंद. दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत, काल-आजची भरपाई असल्यासारख्या, दोन सिगारेटी. उद्यासाठी एक खिशात.

आईने अंगणातल्या जाईची पानं आणून दिली. चावून, रस तोंडात फिरवून थुंकायचा. तुरट, पण दहा मिनिटं बरं वाटतं. बायकोने रात्री फोडांवर साजूक तूप लावायला दिलं.

बुधवार, १६ जुलै

खिशातली ओढली. फोडावर धूर लागला तो गमपेक्षा वाईट. म्हणजे ज्या कारणासाठी परत गेलो तेही साधलं नाही. या वहीतली ही चौथी आणि शेवटची सिगारेट.

गुरुवार, १७ जुलै. दंतवैद्य

फी ३००. मॅडमनी आधी बोटांनी गाल चाचपले, जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, तोंड किती उघडतं ते मोजलं. मग माझी वही वाचली. हसल्या नाहीत, याबद्दल आभारी आहे.

पांढरा डाग: एकाच जागी गम दाबून ठेवल्याने कातडी चिडलेली आहे. जागा बदला, दोन आठवड्यांनी दाखवा. तोंडातला कुठलाही डाग किंवा फोड दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायलाच हवा, कारण काहीही वाटो.

फोड: यात गमचा दोष कमी, सोडण्याचा जास्त. सिगारेटच्या धुराने वर्षानुवर्षं तोंडातली कातडी जाड, राठ झालेली असते. ओढणाऱ्यांना असले फोड त्यामुळे एरवी कमी येतात. ती राठ साल जाऊ लागली की पहिल्या एक-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांचं तोंड येतं, गम घेणाऱ्यांचं आणि न घेणाऱ्यांचंही. म्हणजे मी बरोबर रस्त्याने चाललो होतो म्हणून तोंड आलं, आणि रस्ता चुकला समजून मागे फिरलो. मॅडम म्हणाल्या, याच ठिकाणी पुष्कळ लोक गम टाकतात.

हिरड्या: मी सांगितलं की चार दिवस ब्रश करताना रक्त येतंय, पूर्वी कधी आलं नाही, दात एकदम मजबूत. त्या म्हणाल्या, पूर्वी यायला हवं होतं. हिरड्या सुजलेल्याच होत्या, सिगारेटने रक्त येणं दाबून ठेवलं होतं. अलार्मची वायर कापून ठेवलेलं मशीन. हे मला लगेच कळलं. स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई केली, १२००.

औषध: फोडांवर लावायला ट्रायमसिनोलोनची पेस्ट, रात्री, फोड कोरडा करून, चूळ भरायला बेन्झिडामाइन, जेवणाआधी त्याने चूळ भरली की घास गिळता येतो. मिळून २४०. जाईची पानं चालू ठेवलीत तरी माझी हरकत नाही, म्हणाल्या.

आता मुख्य दुरुस्ती. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिग्रॅ अपुरा पडतो. अपुरा पडला की माणूस जास्त गम, जास्त जोरात चावतो. माझे दिवसाला नऊ-दहा गम त्यामुळेच. एक वाट ४ मिग्रॅची. दुसरी, तोंडाला विश्रांती द्यायची असेल तर २१ मिग्रॅचा निकोटीनचा पॅच (चिकटपट्टी) दंडाला, आणि गम फक्त तलफ उसळेल तेव्हा. मी दुसरी घेतली. पॅच दिवसभर संथ पुरवठा करतो आणि तोंडाशी त्याचा संबंध नाही. निकोटीन जास्त नाही का होणार, विचारलं. त्या म्हणाल्या, पंधरा सिगारेटींतून किती जायचं, ते कधी विचारलंत?

निघताना एक सूचना: "गम दोन्ही बाजूंना ठेवा, चावा मात्र डावीकडेच." मी "हो हो" म्हणालो. अर्धंच ऐकलं होतं.

सोमवार, २१ जुलै

पॅचचा चौथा दिवस. गम दहावरून पाचवर. उचकी नाही. पॅचखाली खाज येते, रोज जागा बदलायची. तोंड जरा कोरडं पडतं, पाण्याची बाटली जवळ. रात्री पॅच ठेवला तर स्वप्नं फार ठसठशीत पडतात. काल रात्री मी प्लँट मॅनेजरला कन्व्हेअरवरून पंढरपूरला पाठवत होतो. आजपासून झोपताना काढतो. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडून टाकायचा, त्यात निकोटीन उरलेलं असतं.

गम ठेवायच्या जागा वहीत आखल्या: डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली. घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. एका जागी दोनदा लागोपाठ नाही.

गुरुवार, २४ जुलै. गटारी

मित्रांकडे गेलो नाही. घरी तांबडा रस्सा. जिभेवरचा फोड गेलाय, ओठातला एक उरलाय. रस्सा खाता आला ही नोंद महत्त्वाची.

गुरुवार, ३१ जुलै

डाग दाखवला. गेलाय. मॅडमनी दुसऱ्यांदा टॉर्च मारून खात्री केली, फी घेतली नाही. ब्रशला रक्त अजून येतं, पण कमी. बायकोला फोन केला तर म्हणाली, "बरं. येताना दही आणा." आवाजावरून कळलं की तीही अठरा दिवस झोपली नव्हती.

शनिवार, २ ऑगस्ट

बिघाड ४. दुपारी ४:२०, गम उजवीकडे होता, चावत होतो. काहीतरी टणक लागलं. खडा म्हणून थुंकलो, तर हातावर गम आणि गमात रुतलेली माझी कॅप.

कारण: "दोन्ही बाजूंना ठेवा, चावा मात्र डावीकडेच" यातला दुसरा भाग. हा गम साध्या च्युइंगमपेक्षा चिवट आणि दातांच्या कामाला चिकटतो. कॅप, सैल फिलिंग, कवळी असेल तर ते ओढून काढू शकतो. पाकिटातल्या कागदावर हे छापलेलं आहे. आज भिंग घेऊन वाचलं.

कॅप गमातून सोडवायला बर्फ कामाला आला, गम कडक होऊन तुटला. ओढाताण करू नका, कॅप वाकली तर नवीन करावी लागते आणि ते हजारांत जातं. माझी शाबूत होती. परत चिकटवायला ६०० आणि अर्धा दिवस रजा.

ज्यांच्या तोंडात दंतवैद्याचं काम झालेलं आहे त्यांनी गम घेऊच नये असं मी आता म्हणेन. पहिल्या दिवशीच गमऐवजी तोंडात विरघळणारी निकोटीन गोळी घ्यायला हवी होती.

मंगळवार, ५ ऑगस्ट. गमऐवजी गोळी

निकोटीन गोळी, २ मिग्रॅ, दहाची ११० रुपयांना. चावायची नाही, चोखायचीही नाही, नुसती विरघळू द्यायची. वीस-तीस मिनिटं लागतात. मधून मधून जिभेने या गालातून त्या गालात.

आणि मी पहिलीच गोळी कडकन फोडली. लहानपणापासून प्रसादाची खडीसाखर फोडून खायची सवय. सगळं निकोटीन एकदम; घसा पेटला, उचकी १५ मिनिटं, मळमळ. पहिल्या दिवसाची पुनरावृत्ती, फक्त या वेळी कारण शोधायला अडीच दिवस लागले नाहीत, अडीच सेकंद लागले.

जबड्याला आराम. तोट्याची बाजू: गोळीचं सगळं लाळेत उतरतं, गिळलं जातंच, त्यामुळे छातीत जळजळ गमपेक्षा जास्त. रिकाम्या पोटी घेत नाही आता. आणि गोळी जिभेखाली विसरली तर तिथे हुळहुळं होतं. फिरवत राहायची.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणपती

दोन नोंदी.

एक. आरतीला उभं राहताना गोळी तोंडात होती. "सुखकर्ता" निभावलं. "घालीन लोटांगण"ला टाळ्यांच्या ठेक्यात गोळी टाळूला, तिथून घशात. पुढचं सगळं उचक्यांत. आईने सगळ्यांसमोर पाणी दिलं आणि पाठीत एक बुक्की. आरतीच्या आधी अर्धा तास गोळी नाही.

दोन, आणि ही हसण्यावारी नेऊ नका. चार वर्षांचा पुतण्या माझ्या शर्टाच्या खिशातून उरलेलं गमचं पाकीट काढून उभा. "काका, च्युइंगम द्या ना." पुदिन्याचा वास, चकचकीत पाकीट, त्याची काय चूक? एक गम लहान मुलाला आजारी पाडायला पुरेसा आहे. गम, गोळ्या, पॅच सगळं आता लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, कुलूप लावून. वापरलेला गमसुद्धा उघड्या डब्यात टाकत नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट ते सोमवार, १ सप्टेंबर

२१ मिग्रॅचे सहा आठवडे झाले, शुक्रवारपासून १४ चा पॅच लावायचा होता. मेडिकलमध्ये १४ चा नाही. तीन मेडिकलं फिरलो, शेवटी मागवून घेतला, सोमवारी आला. निकोटीनची ही औषधं केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत म्हणे. चाकणमध्ये तीन दिवस अत्यावश्यक फक्त यादीत होती. मधल्या दिवसांत उरलेले २१ चे वापरले. पॅच अर्धा कापण्याचा मोह झाला, मुलीने हातातून कात्री घेतली.

शहाणपण: पुढच्या ताकदीचे पॅच आठवडाभर आधी सांगून ठेवा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दुसरी तपासणी. हिरड्यांचं रक्त थांबलंय. मॅडमनी आरसा देऊन दाखवलं: जांभळट होत्या त्या गुलाबी दिसतात. गोळ्या दिवसाला दोन.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. गेल्या आठवड्यात तलफ नसतानाही गोळी तोंडात असायची, तोंडाला चाळा म्हणून. मोजलं तेव्हा कळलं. त्या वेळांना आता बडीशेप किंवा लवंग. लवंग दाताखाली धरली की तीही चुणचुणते, तोंड फसतं. सुपारी नको, तिच्याने दुसरं दुखणं येतं.

हेल्परने, त्याच खर्डावाल्याने, गम मागितला. तो मावा खातो. दंतवैद्याला तोंड दाखवून ये, मग बोलू, म्हणालो. गेलेला नाही अजून.

रविवार, २८ सप्टेंबर. बारा आठवडे

७ मिग्रॅचा शेवटचा पॅच गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी काढला. हिशेब:

गम, साधारण २० पाकिटं: २,१००
गोळ्या, १२ पाकिटं: १,३२०
पॅच, ७०: ५,६७०
दंतवैद्य, कॅपसकट: २,१००
पेस्ट, चूळ: २४०
एकूण ११,४३० रुपये.

सिगारेट चालू असती तर दिवसाला १५, एक १५ रुपयांना, ८४ दिवस: १८,९००. ओढलेल्या चार वजा करायच्या राहिल्या, ६० रुपये. कॅपचे ६०० आणि पहिल्या अडीच दिवसांतले वाया गेलेले गम हा माझ्या न वाचण्याचा दंड. अर्धी रजा वेगळी.

उचकी: शेवटची १९ सप्टेंबरला, घाईत गिळल्यामुळे. फोड: २९ जुलैनंतर नाही. डाग: नाही. कॅप: जागेवर.

चालू काम: दुपारच्या जेवणानंतरची एक गोळी अजून सुटलेली नाही. ती लोखंडी कपाटातून सकाळी मोजून एकच घेऊन निघतो.